पेटीची किल्ली पेटींतच

कळ दाबली त्या क्षणीं संगणकाच्या स्मृतींत कांहींच नसतें. विंडोजसारखी कार्यप्रणाली डिस्कवर निजलेली असते. तिला तेथून उचलून स्मृतींत आणावयाचें आणि सारा कारभार तिच्या हवालीं करावयाचा, ह्यालाच संगणक 'बूट होणें' असें म्हणतात. परंतु डिस्क कोणाशीं सरळ बोलत नाहीं. तिच्या व प्रोसेसरच्या मध्यें कंट्रोलर नांवाचा दुभाषी बसलेला असतो, आणि ह्या दुभाष्याशीं कसें बोलावें हें कार्यप्रणालीस शिकविणारा लहानसा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. आतां मौज अशी कीं, हा ड्रायव्हरही डिस्कवरच ठेवलेला! पेटीची किल्ली पेटींतच राहिली तर ती पेटी उघडावी कशी?

ही अडचण बायोस दूर करतो. मदरबोर्डावरील चिपेंत तो कायमचा वसलेला असतो; अलीकडच्या संगणकांत त्याची जागा यूईएफआयनें घेतली आहे. डिस्क वाचण्याची जुजबी विद्या त्याला उपजतच अवगत असते. त्याच्या हातानें लोडर हा कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, आणि आरंभीं लागणारे ड्रायव्हर स्मृतींत आणून ठेवतो. येथवर सर्व सुरळीत चालतें. पुढें गाभा जागा होतो, बायोसचा हात सोडतो आणि स्वतःच्या ड्रायव्हरकरवीं डिस्क वाचूं लागतो. तो ड्रायव्हर बरोबर आलेलाच नसेल, तर ज्या डिस्कवरून गाभा क्षणापूर्वीं आला तीच त्याला दिसेनाशी होते! मग पडदा निळा पडतो व त्यावर '७बी' ही खूण उमटते. बूट करावयाची डिस्क हातीं लागत नाहीं, एवढाच तिचा अर्थ.

विंडोज एक्सपी २००१ सालीं निघाली, आणि एएचसीआय ह्या नव्या कंट्रोलर-पद्धतीचा आराखडा इंटेलनें त्यानंतर प्रसिद्ध केला. अर्थात् एक्सपीच्या सीडींत त्याचा ड्रायव्हर नव्हता. स्थापनेच्या आरंभीं एफ ६ ही कळ दाबावयाची आणि ड्रायव्हर फ्लॉपीवरून पुरवावयाचा, असा तेव्हांचा रिवाज होता. लॅपटॉपांतून फ्लॉपीची खांच नाहींशी झाली, तरी एक्सपीचा हट्ट कांहीं सुटला नाहीं. व्हिस्टापासून हा ड्रायव्हर सोबतच येऊं लागला, आणि इतर ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरूनही घेतां येऊं लागले. लिनक्सची तोड अधिक सुबक आहे. तेथें गाभ्याच्या सोबत लागणाऱ्या ड्रायव्हरांची शिदोरीच बांधून दिलेली असते. तिला इनिटरॅमएफएस म्हणतात.

हा प्रश्न अजून सरलेला नाहीं. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत डिस्कचा कारभार व्हीएमडी ह्या कंट्रोलरकडे असतो. तेथें विंडोज नव्यानें बसवितांना डिस्कांची यादी रिकामीच दिसते, आणि डिस्क बिघडली असें समजून एखादा गृहस्थ नवी विकतही आणतो. वस्तुतः उत्पादकाचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर उलगडून ठेवावा व 'लोड ड्रायव्हर' ह्या बटनानें तो दाखवावा, म्हणजे डिस्क यादींत प्रकट होते.

खरा धोका असतो तो जुन्या संगणकास. मदरबोर्डावर तीन व्होल्टांचा एक चपटा सेल असतो. तो संपला कीं बायोसमधील नोंदी मूळपदावर जातात आणि कंट्रोलरची पद्धत नकळत बदलते. काल चालणारा संगणक आज निळा पडदा दाखवितो. घाबरून कोणी तरी डिस्क फॉर्मेट करवितो, आणि मुलांच्या बाळपणापासूनचीं छायाचित्रें कायमचीं जातात. तीं तोंवर सुखरूप होतीं! म्हणून सेल बदलून आधीं बायोस उघडावा. एकच डिस्क असलेल्या संगणकांत आयडीई, एएचसीआय, रेड हे पर्याय एकेक करून लावून पाहावे. नुसत्या पद्धत-बदलानें डिस्कवरील मजकूर पुसला जात नाहीं. रेड लावल्यावर नवा संच बनवूं कां, अशी विचारणा झाल्यास मात्र होकार देऊं नये. ज्यास बुद्धिपुरःसरच पद्धत बदलावयाची असेल, त्यानें विंडोज १० मध्यें पुढील बूट सेफ मोडमध्यें व्हावें अशी आधीं योजना करून मग बायोसला हात लावावा. सेफ मोडमध्यें विंडोज योग्य ड्रायव्हर आपणच निवडून घेते. मग ती योजना रद्द करून संगणक पुन्हां सुरू करावा.