गालावरचा अर्धा मिलिमीटर

सकाळी साडेसहा

सलूनचं शटर वर केलं की पहिलं काम पाण्याचं. पिंप, बादली, तांब्या भरून ठेवतो आणि हीटर लावतो. मग वस्तरे जंतुनाशकात बुडवतो, ब्रश धुतो, तुरटीचा खडा पुसून जागेवर ठेवतो. रस्त्यावरून उत्तनच्या बसगाड्या मोर्वा, राई, मुर्धा करत भाईंदर स्टेशनाकडे भरून जायला लागतात, तशी खुर्चीही भरते.

सात ते नऊ

ही चर्चगेट लोकल पकडणाऱ्यांची वेळ. कितीही घाई असली तरी दोन गोष्टींत मी काटकसर करत नाही. नवं ब्लेड गिऱ्हाइकासमोरच फोडतो. ते कागदासकट मधोमध मोडतो आणि अर्धं पातं वस्तऱ्यात बसवतो. दुसरी गोष्ट गरम पाण्याची. केस दोन-तीन मिनिटं नीट भिजला की मऊ पडतो आणि कापायला कितीतरी कमी जोर लागतो. फेस हे पाणी केसावर धरून ठेवतो आणि पातं घसरायला मदत करतो.

वस्तऱ्याचं पातं उघडं असतं, म्हणून सगळी जबाबदारी हातावर येते. डाव्या अंगठ्याने कातडी ताणायची, उजव्या मनगटाने पात्याचा कोन धरायचा, साधारण तीस अंशांच्या आसपास. कोन फार वाढला की पातं कातडी खरवडतं, फार कमी झाला की केस ओढला जातो. हनुवटीच्या वळणावर तर हा कोन प्रत्येक बोटभर अंतराला बदलावा लागतो.

साडेनऊ

शेजारचे निवृत्त काका येतात. घरीच दाढी करतात, पण हल्ली मानेवर आग होते, लाल पुरळ उठतं. कालच सांगितलं होतं, "काका, येताना तुमचा रेझर घेऊन या." आज आणलाय.

जुना, पितळी, तीन तुकड्यांचा रेझर आहे: वर टोपी, मध्ये दात नसलेली पट्टी, खाली दांडा. दांडा फिरवून उघडला तर पट्टीखाली साबणाचा थर साचून दगड झालेला. त्यामुळे ब्लेड तिरकं बसत होतं, एका बाजूला जास्त बाहेर आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ आतच. जुन्या टूथब्रशने पट्टी घासली, नवं ब्लेड टाकलं, टोपी दाबून धरूनच दांडा आवळला आणि दोन्ही बाजूंची फट उजेडात धरून दाखवली. आता सारखी होती.

"एवढ्याने फरक पडतो?" काकांनी विचारलं.

पडतो. ब्लेडची जाडी जेमतेम एक दशांश मिलिमीटर. धार आणि पट्टी यांच्यातली फट सौम्य रेझरमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, तिखट रेझरमध्ये एक मिलिमीटरपर्यंत जाते. एवढ्या अरुंद जागेत साबणाचा थर जमला तर रेझर पहिला उरतच नाही.

अकरा

गर्दी ओसरते. काकांचा रेझर बघताना जे मनात आलं, ते इथे मांडतो. वस्तऱ्यात माझा अंगठा जे करतो, ते रेझरमध्ये खालची पट्टी करते: ती धारेच्या पुढे चालून कातडी सपाट करते. माझं मनगट जे करतं, ते टोपीचा उतार करतो. टोपी आणि पट्टी यांना टेकणारी एक सरळ रेषा कल्पा. धार त्या रेषेच्या बाहेर डोकावत असेल तर दाढी जवळून होते पण चुकीला माफी नाही. आत असेल तर रेझर मवाळ. टोपी आवळली की पातळ ब्लेड कमानीसारखं वाकतं आणि ताठ होतं. धारेजवळ पकड ढिली असली तर ते थरथरतं, आणि ती थरथर गालाला ओरखड्यासारखी जाणवते. किंग कॅम्प जिलेटला 1904 साली ज्या रेझरचं अमेरिकन पेटंट मिळालं, त्यातही पातळ ब्लेडला असाच आधार दिलेला होता. न्हाव्याचा सराव त्याने धातूत बसवला, असं मी मानतो.

दुपारी एक

डबा खाऊन पडतो. ब्लेड बोथट का होतं, हा प्रश्न मला नेहमी पडायचा, कारण केस पोलादापेक्षा कितीतरी मऊ. 2020 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात याचं उत्तर दिलं. धार नुसती झिजत नाही. केस तिरका वाकून लागला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची घडण असमान असली, तर धारेचा बारीक कपचा उडतो. म्हणून ब्लेड पक्कं धरणं आणि केस भिजवणं, दोन्ही धारेचं आयुष्य वाढवतात, असा अर्थ मी घेतो.

चार

उत्तनकडचे खलाशी, शेतावरचे लोक येतात. चार-पाच दिवसांचे खुंट, उन्हाने रापलेली कातडी. अशा दाढीला घरी वापरायचा तर फणीसारखे दात असलेला रेझर बरा. दातांमधून फेस आणि केस दोन्ही सरळ धारेपर्यंत जातात. तीन-तीन पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये मात्र लांब केस अडकतात आणि ते धुवायला वाहता नळ लागतो. जिलेट कंपनीलाही हे भारतात येऊनच उमगलं. आधीचा एक रेझर त्यांनी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर तपासला होता. तिथे नळ होता, इथल्या घरांत पेलाभर पाणी. मग इथल्या घरांत बसून निरीक्षण केलं आणि 2010 मध्ये एकाच पात्याचा, सहज धुतला जाणारा ‘गार्ड’ 15 रुपयांना आणला. पाणी जपून वापरणाऱ्या आमच्यासारख्यांना यातलं शहाणपण लगेच कळतं.

सात

कॉलेजचा मुलगा. केस कुरळे, गळ्यावर पुळ्या. तो पाच पात्यांचा रेझर उलटा फिरवतो. पहिलं पातं केस ओढतं, मागचं तो कातडीखाली कापतं, कुरळा केस वाढताना परत आत शिरतो. त्याला म्हटलं, "दादा, एकाच पात्याचा, दात नसलेला सौम्य रेझर घे. केस वाढतात त्याच दिशेने फिरव, दाबू नकोस, वजन रेझरचंच पुरे. चार-पाच दाढ्यांनंतर ब्लेड बदल." रिकामा रेझर त्याच्या हातात देऊन आरशासमोर कोन धरायला लावला. तिसऱ्या खेपेला जमला.

रात्री साडेनऊ

दिवसभराची अर्धी पाती खाच पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात जातात. भरला की तो चिकटपट्टीने बंद करून, वर ‘ब्लेड’ लिहून वेगळा देतो. कचरा उचलणाऱ्याच्या हातात धार उघडी जाऊ नये. हे घरी दाढी करणाऱ्या प्रत्येकाला जमण्यासारखं आहे, आणि मी प्रत्येकाला सांगतो.