चौपाटीवरील विमान आणि राइट बंधू

वडशाच्या आकाशांतून विमानाचा आवाज आला कीं, आमच्या वर्गांतील साऱ्या माना खिडकीकडे वळतात. असेंच एकदां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, पहिलें विमान आपल्या तळपद्यांनींच उडविलें ना?" "होय" म्हणण्याचा मोह आम्हांसही झाला, आपल्या माणसाचें नांव कोणास गोड लागत नाहीं?

शिवकर बापूजी तळपदे (१८६४–१९१६) हे मुंबईचे, संस्कृत विद्येचे अभ्यासक. १८९५ सालीं चौपाटीवर त्यांचें 'मरुत्सखा' हें मनुष्यरहित विमान उडालें, अशी कथा आहे. सांगणारे १५०० फूट उंचीही सांगतात. परंतु त्या उड्डाणाचा विश्वसनीय असा समकालीन पुरावा उपलब्ध नाहीं. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा आधार या कथेस दिला जातो, तो ग्रंथ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच अभ्यासकांनीं १९७४ सालीं तपासला. तो १९०४ पूर्वींचा असूं शकत नाहीं व त्यांतील यंत्रें उडण्याजोगीं नाहींत, असा त्यांचा निर्णय झाला. म्हणजे आधारच कथेहून नऊ वर्षांनीं धाकटा!

राइट बंधूंची गोष्ट निराळी. अमेरिकेंतील डेटन गांवीं त्यांचें सायकलींचें दुकान होतें. जर्मनींतील लिलिएन्थाल १८९६ सालीं अशाच प्रयोगांत पडून मरण पावला होता. त्याचीं कोष्टकें घेऊन या बंधूंनीं पंख केले. अपेक्षेप्रमाणें उचल मिळेना. तेव्हां १९०१ सालीं सुमारें ६ फूट लांबीच्या लांकडी पेटींतून पंख्यानें वारा सोडून त्यांनीं सुमारें २०० लहान पंख स्वतः तोलून पाहिले. पक्षी पंखांचीं टोकें पिळून तोल सावरतात, हेंही त्यांनीं हेरलें होतें. त्याप्रमाणें दोऱ्यांनीं पिळतां येणारे पंख त्यांनीं केले.

१७ डिसेंबर १९०३ रोजीं ऑर्व्हिल १२ सेकंद उडाला. अंतर १२० फूट, म्हणजे आमच्या वडसा स्टेशनच्या फलाटाहूनही थोडें. त्याच दिवशीं चौथ्या खेपेस विल्बर ५९ सेकंदांत ८५२ फूट गेला. पहिल्या उड्डाणाचें छायाचित्र आहे, पाहणारे पांच साक्षी आहेत.

"मग तळपदे खोटे होते काय?" विद्यार्थ्यानें जरा रागानेंच विचारलें. तसें म्हणण्यासही आमच्यापाशीं पुरावा नाहीं, असें आम्हीं सांगितलें, आणि १७ तारखेच्या आधींचा, १४ डिसेंबरचा वृत्तांत त्यास दिला. त्या दिवशीं नाणें उडवून विल्बरची पाळी आली. विमानाचें नाक फार वर गेलें, साडेतीन सेकंदांत तें वाळूंत आदळलें व मोडलें. हेंही त्या बंधूंनींच लिहून ठेविलें आहे.