जेसीबीने केलेली पडकई

देहूच्या घाटाला लागणारं पाणी कुरवंड्याहून येतं, हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगतं. तेच पाणी आळंदी ओलांडून तुळापूरला भीमेत पडतं. भीमा कुठून येते, तेही पाठ असतं: भीमाशंकरहून. पण ज्योतिर्लिंगाचं दर्शन उरकून संध्याकाळच्या आत घरी पोचणाऱ्या आपल्या मंडळींना कोंढवळ, तेरुंगण, पिंपरगणे, आहुपे ही त्याच रानातली गावं विचारून पाहा. शेकरू मात्र सगळ्यांना माहीत असतो.

या गावांचं वेड मला लागलं ते चाकणमुळे. पाळी सुटल्यावर कंपनीच्या फाटकाबाहेर उभ्या कंत्राटी पोरांना गाव विचारलं की कुणी ना कुणी असवले, लोहकरे, केंगले निघतो आणि ‘भीमाशंकरच्या मागं’ एवढंच सांगतो. आपण पुढचं विचारणार नाही, याची त्याला खात्री असते. मी विचारत गेलो, आणि मग जुनी पुस्तकं धुंडाळू लागलो.

भूगोल भरभर आटोपतो. सह्याद्रीचा कडा, खाली कोकण, पावसाळ्यात महिनोन्‌महिने न हटणारं धुकं आणि जांभूळ, अंजनी, हिरडा यांचं निमसदाहरित जंगल. १९८५ साली १३०.७८ चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं. आत वस्ती महादेव कोळ्यांची.

त्यांच्यावरचा पहिला सविस्तर लेख लिहिला कॅप्टन मॅकिंटॉश या इंग्रज अधिकाऱ्याने, १८३०च्या दशकात. कोळ्यांची चोवीस कुळं त्याने नोंदवली. त्यांत जगताप, कदम, पवार, गायकवाड, चव्हाण अशी नावं दिसली की मावळातला वाचक दचकतोच. पण हा गृहस्थ या डोंगरांत आला होता तो रामजी भांगरेच्या बंडाचा बंदोबस्त करायला. ज्यांना पकडायचं, त्यांचीच कुळं, देव, रीतिरिवाज तो टिपून घेत होता. याच रामजीचा मुलगा राघोजी २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. पुढे १९५७मध्ये गोविंद सदाशिव घुर्ये यांचं इंग्रजी पुस्तक आलं. त्यानंतर जुन्नर तालुक्यातले, स्वतः महादेव कोळी असलेले डॉ. गोविंद गारे लिहू लागले आणि डोंगरातलं माणूस स्वतःबद्दल बोलू लागलं. मला विचाराल तर तिघांपैकी गारे आधी वाचावेत. मॅकिंटॉश सर्वांत शेवटी, तोही त्याचा हुद्दा लक्षात ठेवून.

गावाचं वर्ष भातावर सुरू होतं, पण भात वर्षभर पुरत नाही. उतारावर नाचणी, वरई. उन्हाळ्याच्या तोंडाशी हिरडा: कोवळं फळ झाडावर चढून उतरवायचं आणि कातळावर काळं पडेस्तोवर वाळवायचं. हा बाळहिरडा औषधांत जातो, पिकलेला कातडी कमावायला. मजुरीखेरीज घरात रोख रक्कम येते ती यातून. बाकीचे दिवस नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर उभं राहायचं आणि ज्या बागायतदाराची गाडी येईल तिच्यात बसायचं. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याचं मोठं नुकसान केलं. पंचनामे झाले, भरपाईसाठी मात्र किसान सभेला वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले.

खरी गोष्ट भाताच्या खाचराची आहे. या डोंगरात सपाट जमीन मिळत नाही, ती तयार करावी लागते. भातकापणी उरकली की गावातले दहा-पंधरा गडी एकाच्या उतारावर जमतात. पहारीने मुरूम उकरायचा, निघालेले दगड खालच्या अंगाला रचून ताल घालायचा आणि मागे माती भरायची. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या उतारावर. मजुरी नाही, ज्याचं काम, त्याच्याकडे जेवण. हीच पडकई. खाचर एका वर्षात पिकाला येत नाही. पावसाने वरून माती आणायची, ती तालाने अडवायची, कुठे ताल फुगला तर तो उतरवून पुन्हा रचायचा. उतार फार खडा असेल तर खाचराची रुंदी आपोआप आखूड होते, कारण पहार घेतलेला माणूस गरजेपेक्षा जास्त डोंगर खोदत नाही. माझ्या मते या पद्धतीतली सगळी अभियांत्रिकी त्या आळसात, म्हणजे काटकसरीत आहे.

ही रीत मोडत चालली होती. घोड नदीवरच्या डिंभे धरणाने खोऱ्यातली चांगली जमीन नेली. खुद्द आंबेगाव बुडालं. तालुक्याला नाव त्याचं आणि कचेरी घोडेगावला. पाणी गेलं ते कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी पूर्वेकडच्या बागायतीला. ज्यांची शेतं गेली, ते त्याच बागायतीत रोजावर गेले. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने इथे काम उभं केलं. जलाशयात मासेमारीचा हक्क, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर गाळपेर, आणि पडकईला रोजगार हमीची मजुरी. पोटाला मजुरी मिळाली तर माणूस नारायणगावला न जाता स्वतःचा ताल रचेल, असा साधा हिशेब. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक या संस्थेला मिळालं. मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना ते माहीत असावं.

दोन वर्षांनी पडकईचं नाव सगळ्यांच्या तोंडी आलं, पण वेगळ्याच कारणाने. ३० जुलै २०१४च्या सकाळी माळीण गावावर डोंगर आला. एसटीचा ड्रायव्हर नेहमीच्या रस्त्याने आला तर गावच दिसेना. बातमी बाहेर पोचली ती त्याच्यामुळे. १५१ माणसं गेली. जून कोरडा गेला होता आणि जुलैच्या शेवटी पाऊस कोसळला. झिजलेल्या काळ्या कातळावरचा मातीमुरमाचा जाड थर पाण्याने भरला आणि घसरला. भूगर्भशास्त्र एवढं सांगतं. पण दोषी हवाच असतो. वरच्या उतारावर पडकईच्या योजनेखाली जेसीबीने सपाटीकरण झालं होतं, अशा बातम्या आल्या आणि चार दिवसांत ‘पडकईने माळीण गाडलं’ हे वाक्य पक्कं झालं.

माझा राग या वाक्यावर आहे. सरकारने पडकईला योजनेचं रूप दिलं, तेव्हा तिचं नाव घेतलं आणि रीत सोडली. यंत्राचं बिल तासांवर निघतं, त्यामुळे ते थांबत नाही. पहारीने वाव-दीड वाव रुंद झालं असतं, तिथे मोठी पट्टी सपाट होते. उकरलेला भुसभुशीत मुरूम तालाविना कडेला ढकलला जातो आणि पहिल्याच पावसात पाणी त्यात मुरतं. माळिणीचा डोंगर यानेच घसरला, असं मी म्हणत नाही. सह्याद्रीत माणसाने बोटही न लावलेले उतार कोसळतात. पण जेसीबीने जे केलं ते पडकईच्या माथी मारणं म्हणजे मॅकिंटॉशची वही पुन्हा उघडणं. त्यात डोंगरातला माणूस आधी संशयित, मग जमलंच तर माणूस.

माळिणीच्या काही वर्षं आधी खेड-मावळच्या डोंगरमाथ्यावर पवनचक्क्यांसाठी रस्ते कापले जात होते. माधव गाडगीळ यांच्या पश्चिम घाट समितीने २०११च्या अहवालात त्या रस्त्यांच्या दर्जावर आणि खाली लोटलेल्या राडारोड्यावर कडक ताशेरे ओढले. हेच गाडगीळ १९७०च्या दशकात वा. द. वर्तकांबरोबर देवराया पाहत हिंडले होते. देवाच्या रानातलं पडलेलं लाकूडही घरी न्यायचं नाही, हा नियम पाळणारी गावं त्यांनी नोंदवली. आहुप्याची देवराई आजही उभी आहे. ती वाचवणारे आणि उतारावर ताल रचणारे हात एकाच समाजाचे. अहवालावर वाद भरपूर झाले, पवनचक्क्यांच्या रस्त्यांवर मात्र माळिणीइतकी शाई कुणी खर्चली नाही.

वाचलेल्यांसाठी आमडे इथे नवं माळीण बांधलं गेलं आणि एप्रिल २०१७मध्ये मुख्यमंत्र्यांच्या हस्ते घरांचा ताबा दिला गेला. जागा डोंगरउताराचीच, सपाटीकरण यंत्राचं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तिथले रस्ते खचले, गटारं फुटली, आणि रहिवासी घाबरून बाहेर पडले. सरकारने दुरुस्तीचे आदेश दिले. या वेळी पडकईचं नाव कुणी काढलं नाही.