माठ (मातीचे पात्र)

पिण्याचे पाणी थंड ठेवण्यासाठी वापरण्यात येणारे, झिलई न दिलेले, भाजलेल्या मातीचे गोलसर पात्र. याच वर्गातील मोठ्या, उंच व पुष्कळदा जमिनीत काहीसे पुरून ठेवलेल्या पात्रास रांजण आणि लांब मानेच्या लहान पात्रास सुरई म्हणतात. या सर्वांची उपयुक्तता भिंतीतील सूक्ष्म छिद्रांवर अवलंबून असते. माठाची निगा म्हणजे मुख्यतः या छिद्रांची निगा होय.

दख्खनमधील काळी माती वाळताना फार आक्रसते व तडकते. म्हणून कुंभार नदीतळ्याचा गाळ घेऊन त्यात राख, वाळू व घोड्याची लीद मिसळतो. भट्टीत लीद जळून जाते आणि तिच्या जागी पोकळ्या राहतात. भाजणी कमी झाली, तर माठ ठिसूळ होतो. फार झाली, तर छिद्रे मिटतात व माठ पाझरत नाही. झिलईची बरणी पाणी थंड करीत नाही, याचे कारण हेच. नासिक–पुणे मार्गावरील सिन्नरला लागून असलेल्या संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे व नासिक येथे १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन ‘जोर्वे’ मृत्पात्रे (इ. स. पू. सु. १४००–७००) चाकावर घडविलेली, टणक, तांबड्या पृष्ठावर काळी नक्षी असलेली असून त्यांतील तोटीची भांडी विशेष प्रसिद्ध आहेत.

छिद्रांतून पाझरलेल्या पाण्याचे बाहेरील पृष्ठावर बाष्पीभवन होते. १ ग्रॅ. पाण्याची वाफ होण्यास सु. ५८० कॅलरी उष्णता लागते व ती बव्हंशी आतील पाण्यातून घेतली जाते. १० लि. पाण्यापैकी १०० ग्रॅ. पाणी असे उडून गेले, तर बाहेरून उष्णता न आल्यास उरलेले पाणी सु. ६° से.ने थंड होईल. या क्रियेस हवेची मर्यादा असते. ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक जे तापमान दाखवितो, त्याखाली माठातील पाणी जाऊ शकत नाही. व्यवहारात ते त्याहून थोडे अधिकच राहते. सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेत असलेल्या सिन्नरसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात दुपारी हवा ३८° से. व सापेक्ष आर्द्रता २०% असेल, तर ही मर्यादा सु. २१° से. येते. कोकणात ३३° से. व ७०% आर्द्रता असताना ती सु. २८° से. असते. तेव्हा ‘मुंबईत माठ चांगले मिळत नाहीत’ ही तक्रार माठाची नसून हवेची आहे.

मात्र या थंडाव्याची किंमत पाण्यातच मोजावी लागते. बाहेरची उष्णता सतत आत येत असल्यामुळे दिवसभरात प्रत्यक्ष घट वरील हिशेबापेक्षा अधिक होते. सिन्नर तालुक्याचा पूर्व भाग अवर्षणप्रवण आहे. जेथे पाणी काही दिवसांच्या अंतराने भरावे लागते, तेथे सर्व साठा सच्छिद्र पात्रात ठेवणे तोट्याचे असते. साठा न पाझरणाऱ्या झाकणबंद भांड्यात ठेवून माठात केवळ दिवसभराचे पिण्याचे पाणी भरावे.

नवा माठ एक दिवस पाण्याने भरून ठेवून ते पाणी टाकून देतात. त्यायोगे सुटी माती व राख निघून जाते. तो सावलीत, वारा खेळेल अशा जागी तिवईवर किंवा ओल्या वाळूवर ठेवावा. पत्र्याच्या वा काचेच्या बंद कपाटात तो निरुपयोगी ठरतो. धुताना नारळाची शेंडी व स्वच्छ पाणी पुरेसे होते. साबण छिद्रांत मुरतो व त्याचा वास पाण्याला दीर्घकाळ येतो. विहिरीच्या जड पाण्यातील क्षार बाहेरील पृष्ठावर पांढऱ्या थराच्या रूपाने साचतात. त्यातील चुन्याचा अंश लिंबाच्या रसाने किंवा पातळ केलेल्या शिरक्याने घासल्यास विरघळतो. नंतर माठ पुष्कळ पाण्याने धुवावा. ताक, लोणचे किंवा मीठ त्यात कधीही ठेवू नये. छिद्रांत मिठाचे स्फटिक वाढले म्हणजे पृष्ठाचे पापुद्रे सुटतात.

चीनच्या ज्यांगसू प्रांतातील यीशिंग येथील बिनझिलईच्या चहाच्या किटल्यांनाही साबण वर्ज्य आहे, परंतु उद्देश उलटा आहे. मिंग काळापासून (१३६८–१६४४) प्रसिद्ध असलेल्या या किटल्यांत चहाचा अंश मुरणे इष्ट मानतात. म्हणून एका किटलीत एकाच जातीचा चहा करतात, ती केवळ गरम पाण्याने विसळतात व झाकण काढून वाळवितात. मराठी घरातील दूधसाखरेच्या चहाला ती चालणार नाही. दुधाची स्निग्धता छिद्रांत अडकून आंबते.

माठ पाणी थंड करतो, शुद्ध करीत नाही. त्याने रोगजंतू मरतात ही समजूत निराधार व धोक्याची आहे. अशुद्ध पाणी आधी उकळून व निववून मगच भरावे. पाणी दूषित होते ते बहुधा आत बुडविलेल्या हाताने. त्यासाठी लांब दांड्याचे ओगराळे वापरावे किंवा तोटी बसविलेला माठ घ्यावा आणि तोंड झाकलेले ठेवावे. दर तीनचार दिवसांनी तो रिकामा करून घासून उन्हात पूर्ण वाळविल्यास आतील बुळबुळीत थर धरत नाही. बाहेरून ओला न होणारा माठ धुऊनही पाझरेनासा झाला, तर पाण्यासाठी निकामी समजतात. खेड्यांत असे माठ धान्य, बियाणे किंवा चुलीतील राख ठेवण्यासाठी वापरतात.