फायलीचे हेलपाटे

"सर, नुसतं फिरायलंय बघा." बेंबळीच्या शाखेतून येणारा फोन बहुतेकदा असाच सुरू होतो. फिरायलंय म्हणजे स्क्रीनवरचं निळं कडं. पतसंस्थेचं प्रधान कार्यालय धाराशिवला आहे आणि शाखा बेंबळीत, मध्ये रस्ता वीस-पंचवीस किलोमीटरचा. थकबाकीची एक्सेल फाइल प्रधान कार्यालयाच्या सर्व्हरवर असते. शाखेतल्या बाई सकाळी ती उघडायला लावतात, गिऱ्हाइकाला बसायला सांगतात, चहा येतो, चहा संपतो, मग फाइल उघडते. फाइल आहे जेमतेम ६ एमबीची. "त्यापेक्षा मोटारसायकलवर पेनड्राइव्ह पाठवा," असं शाखाधिकारी एकदा वैतागून म्हणाले.

अशा वेळी प्रत्येकाच्या तोंडी एकच उपाय असतो: लाइन स्लो आहे, एमबी वाढवून घ्या. तोही करून झाला होता. २० एमबीपीएसची लाइन ५० ची केली, बिल वाढलं, कडं फिरतच राहिलं. स्पीड टेस्ट लावली की काटा ४८ वर जाऊन उभा.

आता थोडा हिशेब. एमबीपीएसमधला 'बी' हा बिटचा आणि फाइलच्या आकारातला 'बी' बाइटचा. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणून ६ एमबी म्हणजे ४८ मेगाबिट. ५० च्या लाइनवरून ते एका सेकंदात यायला हवेत. पण फाइल बेंबळीत 'उतरते' तेव्हा धाराशिवहून ती 'चढत' असते. तिथल्या लाइनचा चढता वेग होता १०, म्हणजे पाच सेकंद. पाठवणाऱ्याचा चढता आणि घेणाऱ्याचा उतरता, या दोन आकड्यांपैकी जो लहान तोच खरा, आणि स्पीड टेस्ट तो दाखवत नाही. ती जवळच्या कुठल्या तरी सर्व्हरपर्यंतचा वेग मोजते, आपल्या प्रधान कार्यालयापर्यंतचा नाही. तरीही पाच सेकंदच झाले. मग फाइल उघडायला प्रत्यक्षात लागणारं दीड मिनिट कुठून आलं?

आपल्याकडं याला अगदी नेमका शब्द आहे, हेलपाटा. एखाद्या दाखल्यासाठी माणूस तालुक्याला जातो. रेशनकार्डाची झेरॉक्स नाही म्हणून परत येतो. ती घेऊन गेला तर फोटो राहिलेला असतो. फोटो नेला तर साहेब मीटिंगला गेलेले. सोलापूर-धाराशिव महामार्ग चौपदरी झाला म्हणून या माणसाचे हेलपाटे कमी होत नाहीत. चार पदरांवरून एका वेळी चार गाड्या जातील, पण हा बिचारा एकटाच आहे आणि पुढचा कागद कोणता लागणार हे त्याला मागची खेप संपल्याशिवाय कळत नाही. लाइनचे एमबीपीएस म्हणजे रस्त्याची रुंदी. एक खेप जाऊन यायला लागणारा वेळ हा निराळा आकडा, आणि तो पिंग दाखवतो.

पिंग घ्यायला काही विकत आणावं लागत नाही. काळी खिडकी उघडायची, पिंग लिहून पुढे सर्व्हरचा पत्ता द्यायचा. धाराशिवच्या कार्यालयात बसून त्याच सर्व्हरला पिंग केलं तर एक मिलिसेकंदाच्या आत उत्तर. बेंबळीहून केलं तर ४२.

विंडोजचं सामायिक फोल्डर ज्या बोलीत बोलतं तिचं नाव एसएमबी. ती १९८० च्या दशकात आयबीएममध्ये जन्मली, एकाच इमारतीतल्या यंत्रांसाठी. घरातल्या घरात बोलताना शब्द मोजायची गरज नसते, म्हणून ही बोली अतिशय बडबडी आहे. फाइल आहे का? आहे. मला हक्क आहे का? आहे. दुसऱ्या कुणी उघडलीय का? नाही. आकार किती? एवढा. पहिला तुकडा दे. घे. दुसरा दे. असं करत एका साध्या फायलीमागे आठ-दहा हेलपाटे सहज होतात. शिवाय सेव्ह करताना एक्सेल त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल बनवते, तिला नाव देते, जुनी पुसते. आमच्या फाइलचं आणखी एक दुखणं होतं. तिच्यात मागच्या वर्षांच्या शंभरेक फायलींचे दुवे जोडलेले होते. कुणी, कधी जोडले ते कुणालाच आठवत नव्हतं. उघडताना एक्सेल त्या प्रत्येकीचा दरवाजा ठोठावून येत होती.

शंभर फायली, प्रत्येकी दहा हेलपाटे, म्हणजे हजार. प्रधान कार्यालयात एक हेलपाटा अर्ध्या मिलिसेकंदाचा, हजारांना अर्धा सेकंद. बेंबळीत ४२ मिलिसेकंदांचा, हजारांना ४२ सेकंद, आणि अजून फाइलमधलं एक अक्षरही आलेलं नसतं. "आमच्याकडं तर पटकन उघडतं," असं धाराशिवचे लोक म्हणायचे ते खरंच होतं, आणि बेंबळीच्या बाई म्हणायच्या तेही.

हीच गोष्ट उलट्या बाजूनं पाहा. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. तो ब्राउझरमधून मागवतो तेव्हा सगळा शोध तिकडच्या तिकडे सर्व्हरवर होतो आणि आपल्याकडं तयार पान येतं. खेपा मोजक्या. म्हणून साध्या मोबाइलवरही तो निघतो, आणि आपल्याच कार्यालयातलं एक्सेल मात्र ५० च्या लाइनवर रडतं.

पण वीस-पंचवीस किलोमीटरला ४२ मिलिसेकंद का? काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. बेंबळी-धाराशिव जाऊन-येऊन पाव मिलिसेकंद पुरे. म्हणून ट्रेसर्ट लावलं. हा हुकूम वाटेतला एकेक थांबा सांगतो, एसटीच्या मार्गफलकासारखा. बेंबळीतली जोडणी एका कंपनीची, धाराशिवची दुसऱ्या कंपनीची. दोन्ही कंपन्या एकमेकींना भेटायच्या त्या थेट मुंबईत. बेंबळीची विनंती पुणे करून मुंबईला जायची, तिथं दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बसायची आणि तेवढंच अंतर कापून धाराशिवला उतरायची. उत्तर त्याच वाटेनं माघारी. एका खेपेला दीड हजार किलोमीटरच्या वर तार. यात प्रकाशाचे आठ-नऊ मिलिसेकंद, बाकीचे वाटेतल्या यंत्रांच्या रांगांत आणि व्हीपीएनच्या, म्हणजे दोन कार्यालयांमधल्या खासगी बंदिस्त वाटेच्या, कुलूप-किल्लीत गेलेले. शेजारच्या घरी साखर मागायला मुंबईमार्गे जाण्याचा प्रकार. यावर रुंदी वाढवणं हा उपाय नव्हताच. दोन्ही टोकांना एकाच कंपनीची जोडणी घेतली, तीही आधीपेक्षा कमी वेगाची, आणि पिंग ६ वर आला.

ज्यांच्या शाखा अजून उपग्रहाच्या थाळीवर आहेत त्यांना ही सोय नाही. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. विनंती वर-खाली, उत्तर वर-खाली, म्हणजे कमीत कमी ४८० मिलिसेकंद. तिथं सामायिक फोल्डर वापरायचा हट्टच धरू नये.

कधी कधी फाइल एकच असते आणि मोठी असते, तरी सरकत नाही. तिथं हेलपाट्यांचंच वेगळं रूप दिसतं. पाठवणारं यंत्र काही माल पाठवतं आणि 'पोचला' असं उत्तर येईपर्यंत थांबतं. उत्तराशिवाय किती माल वाटेत सोडायचा, याची एक हद्द असते. जुन्या व्यवस्थेत ती ६४ केबी होती. ४२ मिलिसेकंदांत ६४ केबी म्हणजे साडेबारा एमबीपीएस. लाइन ५० ची घ्या नाहीतर ५०० ची, एका कॉपीला त्यापुढं मिळणार नाही. ही हद्द वाढवायची तरतूद १९९२ मध्येच आली आणि विस्टापासून विंडोज ती आपोआप वापरतं. पण मधे जुना फायरवॉल असेल किंवा सर्व्हर म्हणून दहा-बारा वर्षांपूर्वीचा डबा असेल, तर तो ही तरतूद गिळून टाकतो. ओळखायची खूण सोपी: एक कॉपी १२ नं चालते आणि शेजारी दुसरी सुरू केली तर तीही १२ नंच चालते. मग दोष रुंदीचा नाही.

एसएमबीची पहिली आवृत्ती कुठं चालू असेल तर ती बंदच करा. विस्टाबरोबर आलेल्या दुसऱ्या आवृत्तीनं बडबड पुष्कळ कमी केली. शिवाय पहिलीतल्या भोकातूनच २०१७ चे ते कुप्रसिद्ध व्हायरस पसरले. त्या जूनमध्ये जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं.

आता गर्दी. सकाळी अकराला रडणारी फाइल दुपारी तीनला त्यामानानं लवकर उघडायची. पिंग सतत चालू ठेवून पाहिला, तर अकराच्या सुमारास ४२ चे ६०० व्हायचे. शाखेतले कॅमेरे रात्रीचं चित्रण त्या वेळी प्रधान कार्यालयात चढवत होते. तारेवरून माल लहान लहान पाकिटांत जातो. राउटरमध्ये या पाकिटांची रांग लागायची आणि एक्सेलचा इवलासा प्रश्न त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहायचा. कॅमेऱ्यांना रात्रीची वेळ आणि वेगाची मर्यादा ठरवून दिली, फुकटात काम झालं. गर्दीचा हा रोग नवा नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कलेची प्रयोगशाळा आणि शेजारचं विद्यापीठ, अंतर अवघं ४०० यार्ड, यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला होता. हजार नव्हे, चाळीस. व्हॅन जेकबसननं त्याची कारणं शोधली आणि १९८८ मध्ये मांडली. पाकीट हरवलं की रस्त्यात गर्दी आहे असं समजून पाठवणाऱ्यानं हात आखडता घ्यायचा, हा शहाणपणा तिथून रुजला.

या शहाणपणाची किंमत आपण खेड्यात मोजतो. पाकीट गर्दीमुळं हरवलं की तारेच्या दोषामुळं, हे पाठवणाऱ्याला कळत नाही. दोन्ही वेळा तो हात आखडतोच. मॅथिस आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याचं सूत्र दिलं. त्यानुसार ४२ मिलिसेकंदांच्या खेपेवर शंभरात एक पाकीट हरवलं तर वेग साडेतीन एमबीपीएसच्या आत येतो. दहा हजारांत एक हरवलं तर ३४ पर्यंत जातो. आजची यंत्रं यापेक्षा थोडं बरं करतात, पण कल तोच. म्हणून चार पिंग पाहून समाधान मानू नये. पाचशे-हजार सोडावेत आणि शेवटी 'हरवले' समोरचा आकडा पाहावा.

व्हीपीएन असेल तर आणखी एक बारीक गोष्ट पाहायची. पाकीट १५०० बाइटचं असतं, व्हीपीएन त्यावर आपलं वेष्टण चढवतं आणि ते दारातून जाईनासं होतं. मग त्याचे दोन तुकडे होतात, किंवा ते गुपचूप टाकून दिलं जातं. पिंगला 'तुकडे करू नको' असं बजावून १४७२ पासून आकार कमी करत जायचं. ज्या आकड्याला उत्तर येतं त्यात २८ मिळवायचे आणि तो आकडा राउटरला सांगायचा. लहान फायली उघडतात पण मोठ्या मध्येच अडकतात, अशी तक्रार असेल तर हे आधी पाहा.

एवढं करूनही जे काम मुळातच बडबडं आहे ते तारेवर आणू नये. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची डेटा फाइल सामायिक फोल्डरमधून दुसऱ्या गावी उघडणं हा सगळ्यांत वाईट प्रकार. मध्ये तार तुटली तर फाइलच बिघडते. त्यापेक्षा रिमोट डेस्कटॉपनं धाराशिवच्या यंत्रावर जाऊन तिथंच काम करावं. मग बेंबळीला फक्त चित्र येतं. शंभर स्कॅन पाठवायचे तर एक झिप करून पाठवावी. आणि एक्सेलमधले जुने दुवे तोडावेत. आम्ही तोडले. तेवढ्यानंच निम्मं दुखणं गेलं, हे आधी सुचलं नाही याची मला अजून लाज वाटते.

सगळं उरकल्यावर एक गोष्ट शिल्लक राहिली. दुपारी जेवणानंतर बेंबळीत शंभरात दोन-तीन पाकिटं हरवायची, सकाळी एकही नाही. शेवटी गाडी काढून गेलो. भिंतीवरच्या डब्याला येणारा प्रकाश मोजला, उणे २१ डीबीएम, ठणठणीत. उणे २७ पर्यंत तो डबा तग धरतो. जेवणं झाली. बाईंनी तिजोरीतली वही काढायला टेबल वीतभर मागं सरकवलं, आणि आकडा उणे २९ वर गेला. पिवळी काचेची तार टेबलाच्या पायाखाली दुमडली होती. अशा दुमडीतून प्रकाश बाहेर गळतो. तार सोडवली, भिंतीला लावली, टेबल तिथून हलवायला सांगितलं आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "सर, फाइल लगेच उघडली बघा. पण टेबल तिकडं सरकवल्यापासून तिजोरीचं दार पूर्ण उघडना गेलंय."