विंडशील्डची उंची आणि स्वाराचे डोके

मुंबईच्या पश्चिम उपनगरांच्या कडेला, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेल्या मढहून मोटारसायकलीने लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या स्वारापुढे रस्त्यांची निवड मुळातच मर्यादित असते. त्याने मोटारसायकल फेरीबोटीत चढवून वर्सोवा गाठले काय, किंवा एरंगळ, आक्सा आणि मार्वे रोडने मालाडला येऊन पश्चिम द्रुतगती महामार्ग धरला काय, पुढे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि २०२४ साली खुला झालेला अटल सेतू या तिन्हींवर दुचाकींना बंदीच आहे. त्यामुळे गोव्याकडे जाणाऱ्याला वाशीची खाडी ओलांडून पळस्पे फाट्यावरून राष्ट्रीय महामार्ग ६६ वर उतरावे लागते, आणि नाशिककडे जाणाऱ्याला कसारा घाट चढावा लागतो. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर दुचाकीची कमाल वेगमर्यादा २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार ताशी ८० किलोमीटर आहे, आणि अन्य बहुतेक रस्त्यांवर ती ६० आहे. मोटारसायकलीच्या विंडशील्डविषयी, म्हणजे हँडलच्या पुढे बसवल्या जाणाऱ्या पारदर्शक वारारोधकाविषयी, जो सल्ला सर्वत्र वाचायला मिळतो तो बहुतांशी युरोप-अमेरिकेतील ताशी ११० ते १३० किलोमीटरच्या प्रवासाला धरून दिलेला असतो; तो जसाच्या तसा कोकणच्या रस्त्यावर आणला, की गरजेपेक्षा उंच आणि रुंद काच गाडीवर चढते, आणि जी दगदग टाळण्यासाठी खर्च केला तीच वेगळ्या वाटेने परत येते.

याचे कारण वाऱ्याच्या दाबाच्या गणितात आहे. वाहत्या हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. छाती आणि खांदे मिळून वाऱ्यासमोर येणारे क्षेत्रफळ ०.४ चौरस मीटर धरले, तर ताशी ४० किलोमीटर वेगाला स्वाराच्या अंगावर सुमारे ३ किलो वजनाइतका रेटा येतो, ८० ला तो १२ किलोंच्या घरात जातो आणि १२० ला २७ किलोंपर्यंत पोहोचतो. यातला १२० चा आकडा येथील स्वाराच्या वाट्याला येत नाही आणि येऊही नये. मात्र ८० चा वेग आणि समोरून येणारा ताशी २० किलोमीटरचा वारा एकत्र आले, की अंगाला जाणवणारा वेग १०० चा होतो आणि रेटा दीडपटीहून अधिक वाढतो. हा रेटा तासन्‌तास सहन करताना हात हँडलला घट्ट धरून राहतात, मान ताठ राहते, आणि स्नायू न हलता सतत ताणलेले राहिल्यामुळे संध्याकाळी जो थकवा येतो त्याचे खापर अनेकदा गाडीच्या सीटवर फोडले जाते. उलट पुढे झुकून बसण्याच्या गाड्यांवर छातीवरचा थोडा वारा उपयोगाचाही असतो, कारण तो धडाचा काही भार तोलून धरतो. तो पूर्णपणे अडवला तर तेवढे वजन मनगटांवर येते.

विंडशील्ड वारा नाहीसा करत नाही, फक्त त्याची वाट बदलते, हे एकदा ध्यानात घेतले की निवडीचा अर्धा प्रश्न सुटतो. मढच्या कोळ्यांची डोल जाळी ज्या खुंटांना बांधलेली असते त्यांच्या पाठीमागे भरती-ओहोटीचे पाणी जसे आलटून पालटून दोन्ही बाजूंनी भोवरे सोडत जाते, तसेच काचेच्या कडेवरून सुटलेली हवा मागे भोवरे टाकत जाते. अडथळ्यामागच्या अशा भोवऱ्यांच्या रांगेचे शास्त्रीय विवेचन थिओडोर फॉन कारमान यांनी १९११ च्या सुमारास केले, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. सुमारे ४० सेंटिमीटर रुंदीची काच ताशी ८० च्या वेगाने जात असेल, तर असे भोवरे सेकंदाला दहाच्या आसपास सुटतात, आणि ते नेमके हेल्मेटवर आदळू लागले की डोके थरथरते, नजर धूसर होते आणि कानात ढोल वाजू लागतात. इंग्रजीत याला बफेटिंग म्हणतात. मराठीत त्याला वाऱ्याचे तडाखे म्हणायला हरकत नाही. शांत, एकसंध वाऱ्याचा मोठा रेटा शरीर बराच वेळ सोसते, पण विस्कटलेल्या वाऱ्याचे छोटे तडाखे ते सोसू शकत नाही.

म्हणूनच काचेची कड सोडून मागे जाणारा हवेचा थर स्वाराच्या शरीराला कुठे भेटतो, हा या साऱ्या विषयाचा गाभा आहे. हा थर खांद्याच्या खाली राहिला तर छातीवरचा भार हलका होतो आणि हेल्मेटला स्वच्छ हवा मिळते. तो हेल्मेटच्या पूर्ण वरून गेला तर डोके शांत पोकळीत राहते. आणि तो हनुवटी ते कपाळ या पट्ट्यात आला तर काच नसलेली परवडली अशी अवस्था होते. दुर्दैवाने बाजारात सर्वाधिक खपणाऱ्या मध्यम उंचीच्या काचा मध्यम चणीच्या स्वाराला नेमक्या याच पट्ट्यात गाठतात. आवाजाचेही तसेच आहे. ताशी ६५ किलोमीटरच्या पुढे हेल्मेटच्या आत इंजिनापेक्षा वाऱ्याचाच आवाज वरचढ ठरतो, आणि ८० ते १०० च्या दरम्यान तो ९० डेसिबलच्या वर जातो. कानांसाठी ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते, हे पाहिले तर गोव्यापर्यंतचा सुमारे ६०० किलोमीटरचा प्रवास कानांना किती महागात पडू शकतो ते कळते. विस्कटलेल्या हवेतला आवाज स्वच्छ हवेतल्या आवाजापेक्षा मोठा असतो, त्यामुळे चुकीच्या उंचीची काच बसवल्यावर गाडी आधीपेक्षा गोंगाटी वाटते, ही तक्रार काल्पनिक नसते.

मग सरळ हेल्मेटच्या वर जाणारी उंच काच का घेऊ नये? पहिली अडचण तिच्या मागे तयार होणाऱ्या कमी दाबाच्या पोकळीची आहे. ही पोकळी मागची हवा पुढे खेचते, त्यामुळे स्वाराच्या पाठीला हलका धक्का बसत राहतो आणि पावसात छाती कोरडी, पाठ मात्र ओलीचिंब होते. काचेच्या खालच्या बाजूला मोकळी फट ठेवून किंवा मध्ये झडपा देऊन थोडी हवा आत सोडली तर हा दाब बराचसा सावरतो, आणि म्हणून चांगल्या विंडशील्डमध्ये ही फट दोष नसून योजना असते. दुसरी अडचण हवामानाची आहे. एप्रिल-मे महिन्यांत महाड ते चिपळूणच्या दमट उष्म्यात घाम वाळवण्यासाठी अंगाला वारा लागणे आवश्यक असते, आणि जाकीट, हातमोजे घातलेल्या स्वाराला उंच काचेमागे गुदमरायला होते. डिसेंबरात पहाटे इगतपुरीच्या थंडीत मात्र हीच काच हवीहवीशी वाटते, पण किनाऱ्यावर राहणाऱ्याच्या वर्षात अशा पहाटा मोजक्याच असतात.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे, ती नजरेची. मोटारसायकलीच्या काचेला वायपर नसतो. कशेडी घाटात पावसाळ्यात समोरून ट्रकचे दिवे येत असताना पाण्याच्या थेंबांतून आणि बारीक ओरखड्यांतून तो प्रकाश सर्वत्र विखुरतो, आणि रस्ता क्षणभर दिसेनासा होतो. त्यामुळे नजर काचेच्या आरपार नव्हे, तर तिच्या कडेच्या चार-पाच सेंटिमीटर वरून जायला हवी, हा नियम कोकणच्या रस्त्यांवर तरी अपवादाशिवाय पाळावा. वरच्या कडेला किंचित उलटी वळलेली काच, किंवा कडेवर चिमट्याने बसवायची छोटी पट्टी, हवेला आणखी वर फेकते, त्यामुळे काच नजरेच्या खाली ठेवूनही वाऱ्याचा थर हेल्मेटच्या वर नेता येतो. धुरकट रंगाच्या काचा दिसायला कितीही देखण्या असल्या, तरी रात्रीच्या प्रवासात त्यांचा उपयोग नाही.

बाजूच्या वाऱ्याचा विचार मढच्या स्वाराने विशेष करावा, कारण दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा त्याला घराबाहेर पडताच भेटतो. गाडी ताशी ६० ने जात असताना ताशी २० चा वारा काटकोनात आला, तर स्वाराला तो समोरून सुमारे १८ अंश तिरका जाणवतो. त्यामुळे काचेमागची शांत जागा एका बाजूला सरकते आणि दक्षिणेकडे जाणाऱ्याचा उजवा कान उघडा पडतो. रुंद काच हा कान झाकते खरी, पण तीच शिडासारखी वाराही धरते. शर्यतीच्या गाड्यांची पुढची चाके पूर्ण झाकणारी आवरणे बाजूच्या वाऱ्यात धोकादायक ठरल्यामुळे आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने १९५७ च्या हंगामानंतर बंद केली, तेव्हापासून हा धडा सर्वमान्य आहे. वाशीच्या खाडीपुलावर किंवा भरधाव कंटेनरला ओलांडताना ही ओढ चांगलीच जाणवते. काच हँडललाच बांधलेली असेल तर ती ओढ थेट स्टिअरिंगमध्ये उतरते. गाडीच्या सांगाड्याला बांधलेली असेल तर उतरत नाही. हँडलवर बसणारी काच घ्यायचीच असेल तर ती लहान असावी.

कारखान्यातून गाडीबरोबर येणारी काच हवेच्या प्रवाहाचा अभ्यास करून बेतलेली असण्याची शक्यता अधिक असते. बीएमडब्ल्यूची १९७६ ची आर १०० आरएस ही गाडी वातबोगद्यात, म्हणजे कृत्रिम वारा सोडून चाचणी घेण्याच्या दालनात, घडवलेल्या पूर्ण आवरणामुळे गाजली. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर आकुर्डीच्या बजाज ऑटोने २०२१ मध्ये डॉमिनार ४०० उंच वायझर, म्हणजे उंच विंडशील्ड, आणि प्रवासाच्या इतर सामानासह विकायला काढली, तेव्हा लांब पल्ल्याची गरज देशी कारखानदारानेही ओळखल्याचे दिसले. पण कारखाना सरासरी उंचीचा स्वार गृहीत धरतो, आणि प्रत्यक्ष स्वाराची उंची पायांत आहे की धडात, यावर सारे अवलंबून असते. समान उंचीच्या दोन माणसांची बसल्यावरची उंची पाच-सात सेंटिमीटरने सहज वेगळी असू शकते, त्यामुळे मित्राच्या गाडीवर उत्तम ठरलेली काच आपल्याला छळू शकते.

चाचणी मात्र सोपी आहे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी साठच्या स्थिर वेगाला स्वाराने नजर रस्त्यावर ठेवून डोके दोन-तीन बोटे वर उचलावे आणि मग तेवढेच खाली न्यावे. वर नेल्यावर आवाज आणि थरथर कमी झाली तर काच त्याच्यासाठी उंच आहे आणि ती उतरवावी. खाली नेल्यावर कमी झाली तर काच चढवावी किंवा तिला पट्टी जोडावी. दोन्हीकडे फरक पडत नसेल तर दोष कडेचा नसून बहुधा खालून वर येणाऱ्या हवेचा असतो. ही चाचणी नेहमीच्या हेल्मेटनेच करावी, कारण पुढे टोपीसारखी चोच असलेले हेल्मेट तोच वारा वेगळ्या तऱ्हेने पकडते. मागे कोणी बसणार असेल तर चाचणी दोघांनी मिळून करावी. मागची सीट बहुधा उंच असते, आणि पुढच्याच्या डोक्यावरून सुटलेला वारा मागच्याच्या तोंडावर जातो.

ही काच प्रत्यक्षात काच नसते, ती अ‍ॅक्रिलिकची किंवा पॉलिकार्बोनेटची असते. अ‍ॅक्रिलिक अधिक नितळ असते आणि उन्हात लवकर पिवळे पडत नाही, पण दगड लागला की तडकते. पॉलिकार्बोनेट आघात सोसते, पण वरचा कठीण लेप नसेल तर त्यावर चटकन ओरखडे उठतात. ट्रकच्या चाकांखालून खडी उडणाऱ्या महामार्गावर लेप दिलेले पॉलिकार्बोनेट घेणे शहाणपणाचे ठरते. मढमध्ये रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीवर सकाळी खारट दमटपणाचा पातळ थर असतो, आणि तो कोरड्या फडक्याने पुसला की मिठाचे कण काचेवर घासले जातात, म्हणून आधी भरपूर पाणी ओतून मगच मऊ सुती कापडाने पुसावे. अमोनिया असलेले काच-पुसणी द्रव आणि पेट्रोल या दोन्हींपासून ती दूर ठेवावी. स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून मेकॅनिक जो चिकट द्रव लावतात तोही पॉलिकार्बोनेटला तडे पाडतो. त्याऐवजी रबरी बुश आणि नायलॉनचे वॉशर घालून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू हाताला लागतील तेवढेच आवळावेत, आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासावेत.