सेलमध्ये वीज येते कोठून?

विजेरीतला सेल ‘संपला’ असे आपण म्हणतो. त्यावरून वाटते, की डब्यात तेल भरावे तशी सेलमध्ये वीज भरलेली असावी. पण सेलमध्ये असतात ते काही रासायनिक पदार्थ. वीज निर्माण होते ती बटण दाबल्यावर.

ही किमया समजण्यासाठी शिक्षकांच्या देखरेखीखाली एक प्रयोग करा. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात जस्ताची पट्टी बुडवा. लवकरच पट्टीवर तांब्याचा थर बसू लागेल, निळा रंग फिका होत जाईल आणि द्रावण किंचित गरम होईल. येथे जस्ताचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन आयनाच्या रूपात द्रावणात उतरतो, तर तांब्याचा आयन ते इलेक्ट्रॉन घेऊन अणू बनतो. देणारा व घेणारा एकमेकांना चिकटूनच असल्यामुळे ही देवघेव जागच्या जागी होते. मोकळी झालेली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते.

आता या दोघांना दूर ठेवले तर? इंग्लंडमधील जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनी १८३६ साली नेमके हेच केले. त्यांच्या घटात जस्त व मोरचुदाचे द्रावण यांच्यामध्ये सच्छिद्र पडदा असतो. इलेक्ट्रॉन द्रावणातून जाऊ शकत नाहीत. त्यांना बाहेरच्या तारेनेच जावे लागते. तारेतला हा ओघ म्हणजेच विद्युत्प्रवाह! पडद्याच्या छिद्रांतून आयन ये-जा करतात व दोन्हीकडील विद्युत्भारांचा तोल राखतात. तसे झाले नाही, तर प्रवाह लगेच थांबेल. या घटाचा दाब सुमारे १.१ व्होल्ट असतो.

विजेरीच्या साध्या सेलमध्येही हेच तत्त्व आहे. त्याचे जस्ताचे डबडे इलेक्ट्रॉन देते. मधल्या कार्बनच्या कांडीभोवतीचा मँगॅनीज डायऑक्साइड ते घेतो. येथे दाब सुमारे १.५ व्होल्ट मिळतो. हिशेबाने एक ग्रॅम जस्त ०.३ अँपिअरचा प्रवाह सुमारे पावणेतीन तास पुरवू शकते. मात्र तेवढे जस्त कायमचे खर्ची पडते.

म्हणजे दिवा जळतो तो डबड्याचे जस्त झिजवून! झिजता झिजता डबड्याला भोक पडते, आतला ओलावा बाहेर झिरपतो आणि विजेरीतील धातूच्या पट्ट्या गंजतात. म्हणून वापरलेले सेल विजेरीत ठेवू नयेत. ते फोडू नयेत, की विस्तवात टाकू नयेत.